फॅमिलीसर्चवर विहीणबाईंच्या खापरपणजीचा शोध: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची सून अमेरिकेतल्या जॉर्जियातली. तिच्या आईची खापरपणजी गुलामीत जन्मली, एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. विहीणबाईंना संगणकाचा कंटाळा, म्हणून फॅमिलीसर्चवर, म्हणजे पूर्वजांच्या जुन्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर, खातं मी उघडलं. खातं फुकट आहे.

1870 पर्यंत मागे जाणं सोपं. त्याआधी मात्र नाव टाकून शोधण्यात अर्थ नाही, कारण मुक्त झालेल्या या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा लागली तीच 1870 मध्ये. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं, खाली नुसतं वय, लिंग आणि रंग. म्हणजे आधी मालक गाठायचा, मग त्याचं मृत्युपत्र, त्याच्या मुलींची लग्नं, वाटण्या. त्याची वंशावळ आपण का लावायची, असं विहीणबाई चिडून म्हणाल्या. खरंच आहे, पण कागद त्याच्याच घरचे. मिशेल ओबामांच्या पूर्वज मेल्विनिया यांचा मागही असाच लागला: दक्षिण कॅरोलिनातल्या मालकाच्या 1850 च्या मृत्युपत्रात चरखे, गुरं आणि ही सहा वर्षांची मुलगी. पुढे तिची किंमत लावली 475 डॉलर. 1938 च्या तिच्या मृत्यूदाखल्यात आईवडिलांच्या रकान्यात ‘माहीत नाही’.

सगळ्यात कामाला आल्या फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या बचत बँकेच्या, वह्या. 1865 मध्ये निघालेली ही बँक 1874 मध्ये बुडाली, गरिबांची पुंजी गेली, वह्या तेवढ्या राहिल्या. खातेदाराची ओळख पटावी म्हणून कारकून आईवडील, भावंडं, जन्मगाव, कधी जुना मालकही लिहून घेत. (या वह्यांची सूची युटातल्या तुरुंगातल्या कैद्यांनी केली आहे, वर्षानुवर्षं खपून.) आमची बाई ऑगस्टा शाखेत सापडली. विकल्या गेलेल्या भावाचंही नाव तिने सांगितलं होतं. विहीणबाई ते पान मोठं करून कितीतरी वेळ बघत होत्या.

फ्रीडमन्स ब्यूरो म्हणजे मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीचं सरकारी खातं; त्याच्या मजुरी करारांत तिच्या आईचं नाव मिळालं, तेही वेगळ्याच स्पेलिंगने. तेव्हा सूचीवर विसंबू नका, मूळ पानं चाळा. पैसे घेणाऱ्या एका संकेतस्थळावर कुणीतरी लावलेली तयार वंशावळही मिळाली. तीत आई मुलीपेक्षा लहान होती. सदस्यत्व बंद केलं.

मालकाचं मृत्युपत्र अजून मिळालेलं नाही. काउंटीच्या वारसा न्यायालयातले सगळे कागद ऑनलाइन नाहीत, तिथे स्वतः जावं लागेल. विहीणबाई म्हणतात, गाडी मी चालवते.