स्टीअरिंग की पॅड? आमच्या घरी म्हणे कोळ्याने ठरवलं

रेसिंग गेमसाठी स्टीअरिंग घेऊ का, की पॅडवर, म्हणजे दोन हातांत धरायच्या बटणांच्या कंट्रोलरवर भागेल, असं कुणी ना कुणी विचारतंच. मी दोन्ही वापरली. आधी चार वर्षं पॅड, मग दीड वर्ष स्टीअरिंग, आता परत पॅड. म्हणजे कल कुठे आहे ते दिसतंच आहे. पण स्टीअरिंगवर अन्याय नको, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

बेल्जियममधल्या स्पा या शर्यतीच्या ट्रॅकची, तीही पावसातली, एक फेरी स्टीअरिंगवर मारून बघा. तिथलं ओ रूज हे चढाचं वळण चढताना मागची चाकं सुटली, की डोळ्यांच्या आधी ते हातांना कळतं. स्टीअरिंग आपणहून उलट्या दिशेला वळायला लागतं. आपण त्याला जाऊ द्यायचं आणि नेमक्या वेळी धरायचं. हे जमलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पॅडवर हे मिळत नाही. अंगठ्याखालची ती काडी हलून हलून किती हलणार? म्हणून गेमच मधे पडतो. आपण काडी झटक्यात ढकलली तरी गाडीची चाकं सावकाश वळवतो, वेग वाढला की आणखी कमी वळवतो. थोडी गाडी आपण चालवतो, थोडी तो. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेसारख्या सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या गेममध्ये हा मधला माणूस फार खुपतो. फोर्झा होरायझनमध्ये मात्र तोच हवाहवासा वाटतो. तिथे शेतातून गाडी उडवायची असते, नऊशे अंश फिरणारं चक्र सांभाळत कोण बसणार? ग्रान टुरिस्मो ७ दोन्हींवर छान चालतो. प्लेस्टेशन ५च्या पॅडवर ब्रेक जास्त दाबला की बोटाखालचा ट्रिगर थरथरतो आणि काम भागतं.

वेळेचं म्हणाल, तर इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर माझी स्टीअरिंगवरची फेरी पॅडपेक्षा फार तर सेकंदभर लवकर संपते. तो सेकंद कमवायला तीन महिने गेले. पहिले पंधरा दिवस तर मी पॅडपेक्षाही हळू होतो. तुमचा हात माझ्यापेक्षा बरा असू शकेल.

इथवर स्टीअरिंग पुढे आहे. घोडं अडलं ते मांडामांडीत.

आमचं घर डिचोलीत, जुनं, नळ्यांचं. गेमसाठी वेगळी खोली नाही. स्टीअरिंग क्लॅम्पने जेवणाच्या टेबलाला आवळायचं, आणि जेवायच्या वेळी सोडायचं. पेडल जमिनीवर. फरशी गुळगुळीत, त्यामुळे जोरात ब्रेक मारला की गाडी थांबायच्या ऐवजी पेडलच पुढे पळतं. शेवटी ते भिंतीला टेकवलं आणि मधे आईचा बसायचा पाट आडवा घातला. वर तीन वायरी, एक्स्टेंशन बोर्ड, अडॅप्टर. सगळं लावायला दहा मिनिटं, काढायला दहा. अर्ध्या तासाच्या खेळासाठी वीस मिनिटं हमाली! आठवडाभरात कंटाळलो आणि पेडल भिंतीपाशी कायमचं सोडून दिलं. हीच चूक झाली.

भिंत, पाट आणि पेडल यांच्यात जी अंधारी फट राहते, ती कुणाला तरी आवडणारच. पावसाळ्यात तिथे हंट्समन कोळी राहायला आला. गोव्यातल्या जुन्या घरांत हा पाहुणा नवा नाही. तळहाताएवढा, तपकिरी, अंगाने चपटा. हा जाळं विणत नाही, रात्री भिंतीवरून धावून शिकार करतो. आमची तर मादी होती. पोटाखाली अंड्यांची पांढरी, बत्ताशासारखी चपटी पिशवी धरून फिरायची. आईने तिला हाकलू दिलं नाही. ‘झुरळं खाते ती. तू काय खातोस घरातलं?’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता पेडल चालवायचं ते अनवाणी. बुटातून ब्रेकचा दाब समजत नाही. एका रात्री मधेच वीज गेली. परत आल्यावर कन्सोल सुरू केला. ही स्टीअरिंग सुरू होताना स्वतःची जुळवाजुळव करण्यासाठी एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे आपोआप फिरतात. बाई त्या वेळी चक्राच्या मागच्या बाजूला बसलेल्या. चक्रासोबत वर आल्या, एक गिरकी पूर्ण केली आणि माझ्या मनगटावरून उतरून गेल्या. हेडफोनवर तिघं मित्र होते. माझी किंकाळी त्यांनी ऐकली, आणि तेव्हापासून माझं मत कुणी गांभीर्याने घेत नाही.

पुणेकराने पहिला प्रश्न विचारला, ‘कोळी? कुठल्या बंदरावरचा?’ मेलबर्नकर तर अशा वेळी फुगतोच. त्याच्याकडे मोटारीच्या आरशामागूनही हंट्समन निघतात, आणि रेडबॅक, फनेल-वेब ही विषारी कोळ्यांची मंडळी तर वेगळीच. मी त्याला सांगितलं, बाबा, फनेल-वेब सिडनीकडचा, तुझ्या मेलबर्नचं त्यात काय कर्तृत्व? शिवाय त्याच्या विषावर १९८१मध्ये उतारा आला आणि त्यानंतर त्याच्या चाव्याने कुणी दगावल्याची नोंद नाही. विष जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं, माणसाला घातक असे मोजकेच. आमच्या बाई चावल्या तर दुखेल, सुजेल, एवढंच. ‘मग ओरडलास का?’ असं तिसरा म्हणाला. तो डोंबिवलीचा, कमी बोलतो.

मग मी माझ्या बचावात माझ्दाचा किस्सा काढला. २०११मध्ये अमेरिकेत माझ्दा ६ या हजारो गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या, त्या कोळ्यांपायी. पेट्रोलच्या वासाला भुलणारा एक पिवळा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणायचा. नळी तुंबली की टाकीत हवा शिरेना, आतला दाब उतरून टाकीला तडा जायची भीती. म्हणजे मोटार आणि कोळी यांचं जुनं नातं आहे, मी एकटाच नाही. पुणेकर म्हणाला, ‘म्हणूनच उघड्या टपाच्या फेरारीला स्पायडर म्हणतात. आतला दिसावा म्हणून टप उघडा.’

त्यांच्या मते मी कोळ्याला घाबरून स्टीअरिंग सोडलं. तसं नाही, म्हणजे अगदीच तसं नाही. खरी गोष्ट अशी की स्टीअरिंगला कायमची जागा लागते. रोज उचलून ठेवाल तर खेळणं कमी होतं. ठेवून द्याल तर त्यात धूळ, दमट हवा आणि कुणी ना कुणी शिरतं. चवथीला घर झाडायला काढलं, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला मधली खोली मोकळी केली, तेव्हा सगळं सामान सोडवून माळ्यावर गेलं. नंतर दोन महिने मी ते खाली आणलंच नाही, हे माझ्याच उशिरा लक्षात आलं. तेवढ्या काळात पॅडवर मात्र रोज खेळलो.

पॅड काही धुतल्या तांदळाचं नाही. दोन वर्षांत माझ्या पॅडची काडी आतून झिजली आणि गाडी सरळ रस्त्यावर आपोआप डावीकडे ओढायला लागली. चुंबकावर चालणाऱ्या, हॉल इफेक्टच्या काड्यांना ही झीज लागत नाही. जमलं तर तसलं पॅड बघा. तासभर खेळलं की अंगठाही दुखतो. पण पॅड डब्यात मावतं, आणि डब्याला झाकण असतं.

वेगळी खोली असेल, स्टीअरिंग आणि पेडल एकाच चौकटीवर ठोकून ठेवता येत असतील आणि तुम्ही खरोखर एकच सिम्युलेशन गेम महिनोन्‌महिने खेळणारे असाल, तर स्टीअरिंग जरूर घ्या. दातेरी चाकांवर चालणाऱ्या स्वस्त मॉडेलची खडखड रात्री शेजारच्या खोलीत ऐकू जाते, तेवढं लक्षात ठेवा. बाकीच्यांनी निदान वर्षभर पॅडवर काढावं असं मला वाटतं.

माझं स्टीअरिंग आता फोंड्याला भाच्याकडे आहे. त्याला स्वतंत्र खोली आहे. रविवारी जातो, स्पाच्या चार फेऱ्या मारतो, मजा येते. बसायच्या आधी पेडल दोनदा जमिनीवर आपटतो.

‘मामा, मोडेल ते,’ भाचा दर वेळी म्हणतो.