सव्वादोन इंची टाय की सव्वातीन इंची?

नवा सूट शिवून झाला, शर्टही ठरला आणि आता टायच्या रुंदीपाशी निर्णय अडला आहे, अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. मी नोकरीच्या निमित्ताने आधी सहा वर्षे सव्वादोन इंची, म्हणजे दुकानदार ज्याला 'स्लिम' म्हणतात तो टाय वापरला, आणि त्यानंतर आजपर्यंत सव्वातीन इंची वापरत आलो आहे. ही रुंदी टायच्या सर्वांत रुंद भागाची, म्हणजे खालच्या टोकाजवळची आहे.

यांतला एक टाय आधुनिक आणि दुसरा जुनाट, अशी समजूत दुकानात सहज करून दिली जाते. ती बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चार-साडेचार इंचांचे भडक टाय होते, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दोन इंचांपर्यंत आक्रसले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये फॅशन डिझायनर मायकल फिश यांनी 'किपर टाय' या नावाने पुन्हा चार-पाच इंचांचा पट्टा गळ्यात आणला. अमेरिकी फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांनी १९६७ साली आपल्या व्यवसायाची सुरुवात केली तीही रुंद टाय विकूनच, आणि तेव्हा बाजारात अरुंद टायचेच राज्य होते. १९९०च्या दशकात पावणेचार-चार इंच पुन्हा सर्वमान्य झाले, तर २००० नंतर दिओर ऑम या फ्रेंच पुरुषवस्त्रांच्या ब्रँडसाठी डिझायनर एदी स्लिमान यांनी केलेल्या अंगालगत सूटांबरोबर अरुंद टाय परत आला. माझा पहिला स्लिम टाय त्याच लाटेत घेतलेला होता. म्हणजे दोन्ही टोके वारंवार येतात आणि जातात. सव्वातीन इंचांच्या आसपासचा टाय मात्र यांपैकी कोणत्याही काळात फारसा विसंगत दिसला नसता, असे जुनी छायाचित्रे पाहताना मला वाटते.

स्लिम टायच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. मुंबईच्या लोकलमध्ये टाय बांधून चढणे शक्य नसल्यामुळे मी तो गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवत असे आणि कार्यालयात पोहोचल्यावर बांधत असे. अरुंद टायची गुंडाळी लहान होते आणि त्याला घडीही कमी पडते. मे महिन्यात त्याचे ओझे वाटत नाही. सडपातळ बांध्याच्या माणसाला, विशेषतः कोटाचे लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्ट्या, अरुंद असतील तर, तो फारच शोभतो. लॅपलची आणि टायची रुंदी एकमेकींच्या जवळ असावी हा शिंप्यांचा ठोकताळा मला प्रत्येक वेळी खरा ठरलेला दिसला आहे.

माझे मत फिरले ते एका लहानशा, पण रोजच्या त्रासामुळे. मला मिळालेल्या बहुतेक तयार फॉर्मल शर्टांच्या कॉलरची टोके एकमेकांपासून बरीच दूर असतात, आणि स्लिम टायची गाठ इतकी लहान बसते की तिच्या दोन्ही बाजूंना कॉलरची पट्टी उघडी पडते. सकाळी आरशात हे खटकत नाही. अकरा वाजेपर्यंत मात्र गाठ थोडी खाली सरकते, वरचे बटण डोकावू लागते, आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलताना आपला हात नकळत गळ्याकडे जाऊ लागतो. एका महत्त्वाच्या बैठकीत मी अर्ध्या तासात पाच-सहा वेळा गाठ वर ओढली, हे नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन आपुलकीने सांगितले. त्यानंतर मी हाफ विंडसर, म्हणजे साध्या गाठीपेक्षा भरदार बसणारी, गाठ बांधून पाहिली. गाठ मोठी झाली खरी, पण खालचा पट्टा तेवढाच अरुंद राहिल्याने ती गळ्याशी सुजल्यासारखी दिसू लागली.

याचे कारण मला उशिरा कळले. गाठीचा आकार जितका बांधण्याच्या पद्धतीवर, तितकाच कापडाच्या रुंदीवर आणि आतल्या अस्तराच्या जाडीवर ठरतो. ज्यांच्या नावाने विंडसर गाठ ओळखली जाते ते ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेले ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड, स्वतः साधी फोर-इन-हँड गाठच बांधत असत. त्यांची गाठ भरदार दिसे ती टायला जाड अस्तर लावून घेतल्यामुळे. सव्वातीन इंची टायला तीच साधी गाठ मारली की कॉलरमधली जागा पुरेशी भरते, गाठीखाली बोटाने दाबून एक सुरेख खळी पाडता येते, आणि माझा अनुभव असा की ती संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही.

रुंद टायच्याही अडचणी आहेत. जाड अस्तरामुळे तो गाठीतच जास्त लांबी खातो, त्यामुळे उंच माणसाने साधारण अठ्ठावन्न इंचांचा नेहमीचा टाय घेण्यापूर्वी तो दुकानातच बांधून, टोक कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलपर्यंत पोहोचते का हे पाहावे. रात्री गाठ न सोडता तसाच टांगला तर रेशमावर पडलेली सुरकुती सहजासहजी जात नाही. आणखी एक गोष्ट दोन्ही रुंदींना लागू आहे: टायचे कापड पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेषेत कापलेले असावे. न्यूयॉर्कचे जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२०च्या दशकात या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि टाय गाठीनंतर पुन्हा सरळ होतो तो याच कापणीमुळे. अरुंद टोक हातात धरून टाय लोंबू द्यावा. तो स्वतःभोवती वळत असेल तर रंग कितीही आवडला तरी घेऊ नये.

ज्यांच्या कोटाचे लॅपल खरोखरच अरुंद आहेत आणि ज्यांच्या शर्टाची कॉलर लहान, टोके एकमेकांजवळ असलेली आहे, त्यांना स्लिम टाय घेण्यापासून मी परावृत्त करणार नाही. त्यांनीही शक्य असल्यास पावणेतीन इंची एकदा बांधून पाहावा एवढेच सुचवेन. माझा गडद निळा स्लिम टाय मी अजून जपून ठेवला आहे आणि अशाच एका शर्टावर, एखाद्या संध्याकाळच्या समारंभाला, तो आवडीने बांधतो. कामाच्या दिवशी मात्र कपाटातून हात सव्वातीन इंचीकडेच जातो.