टोचन केलेला ट्रॅक्टर आणि ४७,६०० रुपयांचा गंजका गिअर

४७,६०० रुपये. एवढे मी गॅरेजवाल्याच्या हातात मोजून दिले आणि त्याने माझ्या ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स फोडला, म्हणजे खोललासुद्धा नव्हता. सांगायची लाज वाटते, तरी सांगतोय. रब्बीच्या तोंडावर दुसरा कुणी असा सापडू नये.

ट्रॅक्टर जुना, मॅसी १०३५. ऑक्टोबरच्या पावसात ओढ्याच्या काठाला मागची चाकं रुतली. चुलत्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरने टोचन करून, म्हणजे साखळीने मागे ओढून काढला. घाईत साखळी पोटाखालून, डाव्या अंगाने घेतली. वर आल्यावर एकही गिअर पडेना, नुसती करकर. क्लच तळापर्यंत दाबला तरी तेच. इंजिन बंद केलं की मात्र तेच गिअर अलगद पडायचे.

हे मी त्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला दोनदा सांगितलं. बंद इंजिनवर गिअर नीट पडतात आणि चालू इंजिनवर करकरतात, तेव्हा बहुतेक क्लच पूर्ण सुटत नसतो. मला हे आज कळतंय, त्याला त्याच दिवशी कळलं असणार. तो म्हणाला, "दादा, टोचनमध्ये दात गेले. मधून फोडावा लागेल." २०,००० आगाऊ घेतले. माझ्यासमोर तेल सोडलं. तेल काळपट होतं, पण त्यात लोखंडाचा चुरा नव्हता, ड्रेन बोल्टही साफ. दात तुटले तर तुकडे गेले कुठे? तोंडावर आलेला प्रश्न मी गिळला.

चार दिवसांनी त्याने तुटक्या दातांचा गिअर माझ्या हातात ठेवला. तो कोरडा होता. बोटांना तांबडा गंज लागला. वर्षानुवर्षं तेलात बुडालेला गिअर चार दिवसांत असा गंजतो का? मी हात पँटला पुसले आणि मान हलवली. तो क्षण रात्री झोपू देत नाही. नशीब, मुलाला दाखवायला मोबाईलवर फोटो काढला होता.

मी अडाणी नाही, हिशेब पाहिला होता. दोन गिअर १८,४००, शाफ्ट ९,८००, बेअरिंग ६,२००, तेल ५,२००, मजुरी ८,०००. पण रानातली ओल उडत होती, हरभरा पेरायचा होता. अशा वेळी माणूस वाद घालत नाही, पैसे देऊन ट्रॅक्टर घरी आणतो. गॅरेजवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला. जुने पार्ट ताब्यात आल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका.

सहाव्या दिवशी पुन्हा करकर. ९ एकर भाड्याच्या ट्रॅक्टरने पेरले, त्याचे ९,००० वेगळे. शेजारच्या गावचे म्हातारे मिस्त्री आले. खाली वाकले आणि क्लचचा रॉड दाखवला. साखळीने वाकला होता. गॅरेजवाल्याने नट फिरवून तात्पुरतं भागवलं होतं. मग त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गिअर बॉक्सच्या जोडावर बोट ठेवलं. जुना रंग, त्यावर ग्रीस-मातीचा थर, कुठेही तडा नाही. "हा कुणी फोडलेलाच नाही, लेका." रॉड सरळ केला, क्लच सेट केला, ४५० रुपये घेतले. फोडायला देण्याआधी जोडावर खडूने आडवी रेघ मारा, फोटो काढा. आणि साखळी पोटाखालून कधीच घेऊ नका.

पोलिसांनी तीन तास बसवलं. "हा दिवाणी मामला आहे, गॅरेजवाल्याशी बसून मिटवा." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पक्कं बिल कुठंय?" बिल कोऱ्या कागदावर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. फसवणारा पक्कं बिल देईल का? अर्ज घेतला, पोच मात्र मागून मागून चौथ्या फेरीत दिली. फसवणुकीचं कलम ४२० होतं, आता ३१८ आहे. कलम बदललं, ठाण्यातलं उत्तर नाही. पुढे कृषी कार्यालयात गेलो, तर "खाजगी दुरुस्ती आमच्याकडे येत नाही". मग शेतकऱ्याने जायचं कुठे?

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकिलाने कागद पाहिला, मान हलवली आणि विचारलं, आणखी काही आहे का? मी मोबाईल पुढे केला. गंजका गिअर, मागे गॅरेजचा दरवाजा, कोपऱ्यात तारीख.