एलएलपी काढून देणारं ऑनलाइन पॅकेज: घर खरंच सेफ होतं का? (५ पैकी ३ स्टार)

ज्यांच्याकडून एलएलपी (म्हणजे मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप) काढली त्यांचं नाव देत नाही, कारण या लाईनमधल्या सगळ्यांच्या जाहिराती एकाच छापाच्या असतात, "कंपनी बुडाली तरी तुमचं घर, गाडी, सोनं १०० टक्के सेफ". कुणाकडूनही पॅकेज घेतलं तरी पुढचं सगळं लागू पडतंच, तेव्हा लोन वगैरे काढणाऱ्यांनी पूर्ण वाचा.

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, मशीनिंग करून परत जातं. मी आणि माझा मेहुणा पार्टनर. आधी साधी पार्टनरशिप फर्म होती, म्हणजे १९३२ चा कायदा, म्हणजे मेहुण्यानं फर्मच्या नावावर कुठं उधारी केली आणि ती फिटली नाही तर माझं घर पण त्यात, आणि माझ्या भानगडीत त्याचं. धंदा छोटा होता तोवर कुणी याचा विचार केला नाही. मग नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मोठं मशीन) घ्यायचं ठरलं, ऑर्डरी वाढल्या, एखादा लॉट रिजेक्ट होऊन मोठी डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आली तर काय असा विषय घरात निघाला आणि बायकांनीच सांगितलं की आधी दोन्ही घरं यातून बाहेर काढा.

आता सर्व्हिसचं सांगतो. सुरुवात चकाचक. डिजिटल सिग्नेचरसाठी मोबाईलसमोर पॅन कार्ड धरून नाव सांगायचा व्हिडिओ, ते पाच मिनिटात झालं. नावाला मंजुरी मानेसरच्या सेंट्रल ऑफिसातून येते, आमचं पहिलं नाव कुणाच्या तरी ट्रेडमार्कशी जुळतं म्हणून परत आलं. खरं म्हणजे ट्रेडमार्कची साईट यांनी आधीच बघायला पाहिजे होती, फी कशाची घेतात मग. फोनवर बोलणारा माणूस दर वेळी नवीन, दर वेळी पहिल्यापासून रामायण.

कळस म्हणजे एलएलपी ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट. मेहुण्यानं वाचायला घेतला आणि धंद्याच्या कलमात आला तर तिथं रेडिमेड कपड्यांचा होलसेल व्यापार. "दाजी, आपण कधीपासून साड्या विकायला लागलो?" म्हणून मला फोटो पाठवला. कुणाचा तरी जुना ड्राफ्ट, वरची नावं बदलून आम्हाला चिकटवलेला. नफ्याची वाटणी फिफ्टी फिफ्टी टाकलेली, जी आमची नाहीच, आणि एक पार्टनर बाहेर पडला तर हिशोब कसा करायचा यावर दीड ओळ. हे ॲग्रीमेंट रजिस्ट्रेशननंतर ३० दिवसात फॉर्म ३ मधून भरायचं असतं, त्यामुळं पोरं घाई करतात की सही करा, सही करा, नंतर बदलू. करू नका. भांडण झालं की हाच कागद उघडतात. आम्ही शेवटी गावातल्या सीएकडून नीट लिहून घेतलं, त्याची फी वेगळी, स्टॅम्प ड्युटी वेगळी, जाहिरातीतला आकडा आणि शेवटचं बिल यात जवळजवळ दुपटीचा फरक.

हे सगळं एकवेळ चालवून घेईन. माझा मेन राग वेगळ्या गोष्टीवर आहे, घर सेफ म्हणजे नक्की कुणापासून सेफ हे विकणारा एकजण धड सांगत नाही.

एलएलपीचा कायदा २००८ चा, लागू झाला २००९ मध्ये. त्यात सरळ लिहिलंय की एलएलपीचं देणं ते एलएलपीचं, निव्वळ पार्टनर आहे म्हणून कुणाला स्वतःच्या खिशातून भरायला लावता येत नाही, आणि दुसऱ्या पार्टनरनं चूक केली तर तिची जबाबदारी त्याच्यावर आणि एलएलपीवर, तुमच्यावर नाही. ही गोष्ट खरी आहे आणि भारी आहे. टूलिंगवाल्याची उधारी, कस्टमरचा क्लेम, जागेचं भाडं, हे लोक एलएलपीच्या मशीनवर आणि बँक बॅलन्सवर दावा लावतील, माझ्या घराला त्यांना सहज हात लावता येत नाही. फसवाफसवी केली असेल तर मात्र हे संरक्षण उडतं, करणाऱ्यावर अमर्याद जबाबदारी येते, आणि ते बरोबरच आहे.

पण आम्ही जुनी फर्म कन्व्हर्ट केली होती. कन्व्हर्ट करण्याआधीची जी देणी आहेत त्यांना दोघं पार्टनर पहिल्यासारखेच वैयक्तिक जबाबदार राहतात, कायद्याच्या परिशिष्टातच आहे. जुनी उधारी नवीन कपाटात ठेवून कुलूप लावता येत नाही. शिवाय एक वर्षभर सगळ्या पत्रव्यवहारावर छापायला लागतं की ही आधी अमुक फर्म होती. हे मला सीएनं सांगितलं, पॅकेजवाल्यांनी नाही.

मग बँक. मशीनच्या लोनला गेलो, सँक्शन आलं, मॅनेजरनं कागदांचा गठ्ठा पुढं सरकवला, सह्यांच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारलेल्या. त्यात दोघांची पर्सनल गॅरंटी. मी म्हटलं, "साहेब, एलएलपी आहे की आमची." तो हसला. "म्हणूनच तर गॅरंटी लागती. फर्म असती तर तुम्ही आपोआप अडकला असता, आता सही घेऊन अडकवायला लागतंय." माणूस खरं बोलला. सरकारी गॅरंटी स्कीममधून बिनतारण लोन घेतलं तर तिसऱ्या माणसाची गॅरंटी लागत नाही, पण मालकांची स्वतःची घेतात. आणि गॅरंटी म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी नव्हे, आधी एलएलपीकडून वसूल करा मग माझ्याकडं या असं म्हणता येत नाही, बँक सरळ तुमच्याकडं येऊ शकते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर तिच्या गॅरंटरवर पण दिवाळखोरीची केस लावता येईल असं सरकारनं २०१९ मध्ये नोटिफिकेशन काढलं, सुप्रीम कोर्टानं मे २०२१ मध्ये ते कायम केलं, आणि कंपनीचा रिझोल्युशन प्लॅन (देणी मिटवून कंपनी सावरायचा आराखडा) पास झाला म्हणून गॅरंटर आपोआप सुटत नाही हे पण तिथंच सांगितलं. किंगफिशर तर लिमिटेड कंपनी होती, तरी मल्ल्यांच्या मागं बँका लागल्या त्या पर्सनल गॅरंटीवरच. आम्ही सही केली, मशीन पाहिजे होतं. पण गॅरंटीची रक्कम लोनपुरती धरून घेतली, "आत्ताची आणि पुढची सगळी देणी" असं वाक्य होतं ते मागं लागून खोडायला लावलं. तेवढं विचारायला काय जातंय, नाही म्हणाले तर म्हणाले.

टॅक्सचं पण तसंच. जीएसटीच्या थकबाकीच्या बाबतीत एलएलपीला फर्मच धरतात, त्यामुळं पार्टनर सुटत नाही. इन्कम टॅक्स एलएलपीकडून वसूल झाला नाही तर पार्टनरला सिद्ध करायला लागतं की आपला हलगर्जीपणा नव्हता. चेक बाऊन्स झाला तर कारभार बघणाऱ्या आणि सही करणाऱ्या पार्टनरवर पण फौजदारी केस लागते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड. म्हणून सप्लायरला सिक्युरिटी म्हणून सह्या केलेले कोरे चेक द्यायची जी सवय आहे ना आपल्याकडं, ती एलएलपी काढून पण गेली नाही तर काय उपयोग?

पॅकेजवाल्यांच्या पोरानं एक सल्ला फुकट दिला होता, घर बायकोच्या नावावर करून टाका सर. देणं डोक्यावर आल्यावर ते बुडवायच्या हेतूनं असं बक्षीसपत्र केलं तर कोर्ट ते रद्द करू शकतं, शंभर वर्षांपूर्वीपासून कायदा आहे, एवढं तरी वाचून फोन करावा. त्यापेक्षा सीएनं सांगितलेलं कामाचं निघालं. टर्म इन्शुरन्स घेताना १८७४ च्या विवाहित महिलांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतला, म्हणजे प्रपोजलबरोबर एक जास्तीचा फॉर्म भरला, की ते पैसे बायकापोरांचे, नवऱ्याचं कर्ज मागणाऱ्याला त्यावर हक्क नाही. जुनी पॉलिसी असेल तर नंतर बदलून मिळत नाही, घेतानाच करायला लागतं. पीपीएफमधल्या पैशावर पण कोर्टाच्या हुकूमनाम्याची जप्ती येत नाही, इन्कम टॅक्सवाल्यांचं मात्र वेगळं.

खर्चाचं थोडक्यात. टर्नओव्हर ४० लाखाच्या वर किंवा भांडवल २५ लाखाच्या वर गेलं की ऑडिट. धंदा नसला तरी दर वर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक रिटर्न) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशोबाचं स्टेटमेंट), उशीर झाला की मूळ फीच्या पटीत दंड. फर्मला मिळते ती अंदाजे नफ्यावर टॅक्स भरायची सवलत एलएलपीला नाही. बिलावर एलएलपीचा नंबर आणि मर्यादित जबाबदारीचा उल्लेख छापा, आम्ही जुनी बिलबुकं रद्दीत घातली. आणि पार्टनर एकच उरला आणि सहा महिन्यात दुसरा घेतला नाही तर पुढच्या देण्याला तो एकटा वैयक्तिक जबाबदार. घरातली दोनच माणसं असणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

तीन स्टार का, तर एलएलपी शेवटी निघाली, कागद सरकारी साईटवर बरोबर दिसतात, आणि पोरं उद्धट नव्हती. दोन कापले ते साड्यांच्या ड्राफ्टचे आणि त्या १०० टक्केवाल्या जाहिरातीचे. एकटादुकटा सर्व्हिसचा धंदा असेल, लोन नसेल, तर एवढ्या खटाटोपाआधी सीएला विचारा. पार्टनर असेल, उधारीवर माल फिरत असेल, कस्टमर क्लेम लावणारा असेल, तर जरूर काढा, पण ॲग्रीमेंट आपल्या माणसाकडून लिहून घ्या. मला आता त्यांचे रोज मेसेज येतात, ॲन्युअल कम्प्लायन्स पॅकेज, आजच शेवटची ऑफर. फॉर्म ८ गावातल्या सीएकडंच देणार आहे.