सॉमरसेट मॉम: काही महिने सलग वाचल्यावर

ब्रिटिश लेखक सॉमरसेट मॉमच्या कथांचा चार खंडांचा पेपरबॅक संच पावसाळ्यात घेतला आणि सोबत त्याची प्रवासवर्णनंही वाचायला काढली. आता दोन्ही बरीचशी वाचून झाली आहेत. या लेखकाच्या कथा आणि प्रवासवर्णनं वेगवेगळी वाचू नयेत, आलटून पालटून वाचावीत, असं माझं ठाम मत झालं आहे.

१९३० सालचं ‘द जंटलमन इन द पार्लर’ घ्या. रंगूनहून निघून ब्रह्मदेश, सयाम (आजचं थायलंड), कंबोडिया करत व्हिएतनाममधल्या हायफाँगपर्यंतचा हा प्रवास. कंबोडियातल्या अंगकोरच्या प्राचीन मंदिरांचं वर्णन चांगलंच आहे, पण पुस्तकाचा जीव आहे तो वाटेत भेटलेल्या माणसांत. ब्रह्मदेशातल्या थाझीला त्याला मास्टरसन नावाचा इंग्रज भेटतो. ब्रह्मी बाईबरोबर अनेक वर्षं संसार केला, मुलं झाली, पण लग्न करायला हा तयार नाही, कारण म्हातारपणी इंग्लंडात चेल्टनहॅमला जाऊन राहायचंय. शेवटी ती मुलांना घेऊन निघून जाते. मॉम कुठेही निवाडा देत नाही, फक्त ऐकून घेतो. याच पुस्तकात वाग्दत्त वधूला घाबरून सिंगापूर, सायगाव, शांघाय करत पार चीनमधल्या चेंगडूपर्यंत पळणारा जॉर्ज आहे, आणि शांतपणे त्याच्या मागोमाग तिथवर पोचणारी मेबल! ही प्रकरणं पुढे कथासंग्रहातही आली. ‘द ताइपान’ ही कथासुद्धा मुळात चीनवरच्या १९२२ च्या ‘ऑन अ चायनीज स्क्रीन’मधली.

असं वाचत गेलं की ‘द आउटस्टेशन’ची खरी ताकद कळते. बोर्निओ बेटावरच्या एकाकी ठाण्यावरचा इंग्रज अधिकारी वॉरबर्टन. लंडनचा ‘टाइम्स’ त्याच्याकडे सहा आठवड्यांनी गठ्ठ्याने येतो, पण तो रोज सकाळी तारखेच्या क्रमाने एकच अंक उघडतो. महायुद्धातल्या लढाईचा निकाल पुढच्या अंकात, हाताशी असूनही तो क्रम मोडत नाही. एकदा तो दौऱ्यावर असताना हाताखालचा कूपर सगळे अंक फोडून वाचून टाकतो. एवढ्याशा गोष्टीत त्या दोघांचं वैर किती खोल रुतलंय ते दिसतं. मी ही कथा पुन्हा पुन्हा वाचली, दर वेळी वॉरबर्टनबद्दलचं मत थोडं बदललं.

खटकलं तेही सांगायला हवं. मलाया, चीन, ब्रह्मदेश, सगळीकडे जीव ओतून रंगवलेली माणसं बहुतेक गोरीच. मास्टरसनच्या त्या बाईचं म्हणणं आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. तिची बाजू तिने सांगितली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नोकरचाकर तर दाराआडच राहतात.

भारतात तो १९३८ मध्ये आला, तिरुवण्णामलैला रमण महर्षींना भेटला. त्या अनुभवाची छाया १९४४ च्या ‘द रेझर्स एज’ या कादंबरीवर आहे, पण भारतावर त्याने स्वतंत्र प्रवासवर्णन लिहिलं नाही याची हळहळ वाटते.

संचाची छपाई बारीक आहे, रात्री वाचायला त्रास होतो. घ्यायचाच असेल तर आधी दुकानात चाळून बघा. तिसऱ्या खंडातल्या अ‍ॅशेंडन या गुप्तहेराच्या कथा मागाहून वाचल्या तरी चालतील. स्पेनवरचं १९०५ चं पुस्तक फार अलंकारिक आहे, सुरुवात त्याने अजिबात करू नका. चीनवरचं पुस्तक आधी घ्या, प्रकरणं दोन-चार पानांची आहेत.