‘समीर’ ॲप : रोजच्या धुळीसाठी उपयुक्त, अपघाती वायुगळतीसाठी अपुरे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे मोफत ॲप सोलापूरकरांनी मोबाइलमध्ये जरूर ठेवावे. मात्र त्यावर कोणत्या बाबतीत विसंबू नये, हेही स्पष्ट सांगायला हवे. शहर निवडले की हवेचा निर्देशांक, त्याची श्रेणी आणि सर्वांत वरचढ ठरलेला प्रदूषक लगेच दिसतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठलेल्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे आणि आपला रोजचा प्रश्न प्रामुख्याने धुळीचा आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर सकाळी बाहेर पडण्यापूर्वी हा आकडा पाहण्याची सवय निश्चितच उपयोगी पडते.

माझा आक्षेप वेगळ्या बाबतीत आहे. शहराजवळ पाकणीला पेट्रोल-डिझेलचे मोठे साठे आहेत आणि मुंबईच्या रिफायनरीतून निघालेले इंधन नळवाहिनीने तेथवर येते. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिकडे चेंबूर-माहुल भागात, रिफायनऱ्यांच्या शेजारी राहतात. एखादा व्हॉल्व्ह निकामी झाला, कॉम्प्रेसर बंद पडला किंवा गंजलेली नळी फुटली, तर हे ॲप आपल्याला वेळेत सावध करील का, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे.

त्याचे कारण निर्देशांक काढण्याच्या पद्धतीत आहे. आठ प्रदूषकांवर तो बेतलेला असून कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन वगळता इतरांसाठी चोवीस तासांची सरासरी घेतली जाते. रिफायनरीत गंधक वेगळे करणारे संयंत्र अचानक बंद पडले, की हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायू फ्लेअरकडे, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या उंच नळीकडे, वळवून जाळावा लागतो आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. समजा, एका तासासाठी त्याचे प्रमाण घनमीटरमागे ८०० मायक्रोग्रॅमवर गेले आणि उरलेले तेवीस तास ते २० राहिले, तर सरासरी साडेबावन्न येते. आपले चोवीस तासांचे मानक ८० असल्यामुळे त्या दिवशी सल्फर डायऑक्साइडची श्रेणी ‘समाधानकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र याच वायूसाठी दहा मिनिटांची मर्यादा ५०० ठेवली आहे, कारण दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडायला काही मिनिटेही पुरतात.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. या आठ प्रदूषकांत बेंझीन नाही, हायड्रोजन सल्फाइड नाही आणि पेट्रोलची वाफही नाही. बेंझीनसाठी देशात ५ मायक्रोग्रॅमचे वार्षिक मानक आहे, तरी निर्देशांकात त्याला स्थान मिळालेले नाही. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये जयपूरच्या सीतापुरा येथील इंधन साठ्यात टाकीजवळच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोलचे कारंजे उडाले, तासाभराहून अधिक काळ वाफ पसरत राहिली आणि मग भीषण स्फोट झाला. अशा वाफेचा ढग पाकणीत पसरला, तरी त्यामुळे ॲपवरचा आकडा हलेलच असे नाही. पाकणीसारख्या ठिकाणी तर हीच शक्यता सर्वप्रथम विचारात घ्यायला हवी.

तरीही एक चांगली सोय सांगितली पाहिजे. मंडळाच्या संकेतस्थळावर सतत मोजणी करणाऱ्या केंद्रांची मूळ, तासागणिक मूल्ये कोणालाही पाहता येतात आणि बऱ्याच केंद्रांवर बेंझीनही मोजले जाते. थोडी चिकाटी ठेवली, तर सरासरीत दडलेला उंचवटा तिथे सापडतो. शिवाय तेलशुद्धीकरणासह सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणीची यंत्रे बसवण्याचे निर्देश मंडळाने २०१४ मध्ये दिले होते. परंतु अपघाती उत्सर्जन नेहमी चिमणीतूनच होते असे नाही. ते सांध्यांतून, सुरक्षा व्हॉल्व्हमधून आणि टाक्यांच्या झाकणांतूनही होते.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या रिफायनरीत गंधकामुळे झिजलेली नळी फुटली आणि सुमारे पंधरा हजार लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. अमेरिकेत २०१५ च्या नियमाने रिफायनऱ्यांना कुंपणालगत बेंझीन मोजून ती आकडेवारी जनतेसाठी खुली करणे बंधनकारक झाले. टेक्सासमध्ये तर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अपघाती उत्सर्जन झाल्यास कंपनीला चोवीस तासांत कळवावे लागते आणि ती नोंद सर्वांना पाहता येते. ‘समीर’मध्ये अशा नोंदी आणि तासाचे मूल्य वाढताच येणारी सूचना जोडली गेली, तर मी त्याला विनासंकोच पूर्ण गुण देईन, आज पाचपैकी तीनच देतो.

तोवर पाकणी परिसरात इंधनाचा तीव्र वास आला, तर ॲप उघडत बसू नये. गाडी सुरू करू नये, ठिणगी पडेल असे काहीही करू नये, वाऱ्याला आडवे चालत त्या जागेपासून लांब जावे आणि सुरक्षित अंतरावर पोहोचल्यावरच ११२ क्रमांकावर कळवावे.