आठ महिन्यांपूर्वी घेतलेली अरबी घोडी: खरेदी, विक्री आणि वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षभरात मी जवळच्याच भागात एक थरोब्रेड (शर्यतींसाठी जोपासलेल्या जातीचा) घोडा विकला आणि एक अरबी घोडी विकत घेतली. घोडी तबेल्यात येऊन आठ महिने झाले आहेत. या काळात सर्वाधिक उपयोग झाला तो जातीच्या माहितीचा नव्हे, तर जनावर जवळ असल्यामुळे ते वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा पाहता आले, याचा.

घोडीच्या आधी मी एक मारवाडी घोडा जवळजवळ पक्का केला होता. त्याच्या कानांची आत वळलेली टोके आणि उंच मान पाहून मी भारावून गेलो होतो. पहिल्या भेटीत तो खोगीर चढवून तयार उभा होता आणि दुडक्या चालीत निर्दोष वाटला. मात्र छातीवर हात ठेवल्यावर घाम लागला, म्हणजे आम्ही पोहोचण्यापूर्वीच त्याला फिरवून पायांचा ताठरपणा घालवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तबेल्यातून थेट कठीण जमिनीवर आणायला लावला, तेव्हा डावा पुढचा पाय टेकताना तो दर वेळी मान वर उचलत होता, आणि पुढच्या पायाच्या लंगडेपणाची हीच खूण असते. वय ९ वर्षे सांगितले होते. परंतु वरच्या कोपऱ्यातील पटाशीच्या दातावर साधारण १० व्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागणारी उभी खाच निम्म्या दातापर्यंत उतरलेली होती, आणि ती तेथवर सुमारे १५ व्या वर्षी पोहोचते. दातांवरून वयाचा अंदाजच येतो हे खरे, तरी इतका फरक मला मान्य झाला नाही.

त्यामुळे अरबी घोडी मी तीनदा पाहिली. तपासणीसाठी विक्रेत्याचा नव्हे, तर मी निवडलेला पशुवैद्यक नेला, मायक्रोचिपचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिला आणि रक्ताचा नमुना राखून ठेवला, कारण फिनाइलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकाने लंगडणे काही काळ झाकले जाते.

घरी आणल्यावर तिला तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळे ठेवले आणि खाणे दोन आठवड्यांत हळूहळू बदलले. एकदम केलेल्या बदलाने पोटशूळ उठण्याचा धोका असतो. पहिले दोन महिने मात्र कठीण गेले. ती एकटी उभी राहत नसे, सतत खिंकाळत असे आणि वजनही उतरले. मी जुन्या मालकांना तबेल्यात बोलावले. तिला शेजारी दुसरे जनावर दिसत राहायला हवे, एवढेच त्यांनी सुचवले, आणि जागा बदलताच ती शांत झाली. आज लांब पल्ल्यावर ती अथक चालते. लगामाचा जरासा ताणही तिला पुरतो, म्हणून नवख्या स्वाराला मी ती देत नाही. खुरांची छाटणी दर सहा ते आठ आठवड्यांनी करावी लागते.

थरोब्रेड विकताना त्याच्या पायाच्या शिरेची जुनी दुखापत मी लेखी दिली आणि दोन आठवडे वापरून पाहण्याची मुभा दिली. किंमत कमी आली. परंतु नव्या मालकांनी ती दुखापत ध्यानात घेऊन त्याला उड्यांच्या सरावापासून दूर ठेवले आहे, आणि गेल्या महिन्यात मी त्याला पाहायला गेलो तेव्हा तो दुडक्या चालीत सरळ व सम पावले टाकत होता.